मेडिकलच्या काउंटरवरून तापीपर्यंत

जळगाव-धुळ्यातल्या मेडिकल दुकानांत मुदत संपत आलेल्या पट्ट्या वेगळ्या काढून ठेवतात. ठरावीक काळाने तो माल स्टॉकिस्टकडे आणि तिथून कंपनीकडे जातो. दुकानदाराला क्रेडिट नोट मिळते. 'एक्सपायरी' परत करण्याची ही साखळी औषध व्यवसायाच्या अंगवळणी पडलेली आहे. तीच पट्टी एकदा ग्राहकाच्या पिशवीत पडली, की मात्र तिचा परतीचा रस्ता बंद होतो. पाचपैकी तीन गोळ्या घेतल्यावर ताप उतरतो, उरलेल्या दोन फ्रिजवरच्या डब्यात पडून राहतात आणि दिवाळीच्या साफसफाईत घंटागाडीत नाहीतर मोरीत जातात.

गिरणा, वाघूर, पांझरा, अरुणावती या सगळ्या नद्या शेवटी तापीला मिळतात, आणि तापीचे पाणी पुढे सुरत शहर पिते. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे मैला काढण्यासाठी बांधलेली असतात, पाण्यात विरघळलेली औषधे अडवण्यासाठी नव्हे. 2007 साली स्वीडिश संशोधकांनी हैदराबादजवळच्या पाटणचेरूत औषध कारखान्यांचे सांडपाणी तपासले. प्रक्रिया करून बाहेर सोडलेल्या त्या पाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढे प्रमाण नसते. ते पाणी कारखान्यांचे होते, घरांचे नव्हे, हे खरे. पण प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू पोसायला थोडी मात्राही पुरते, म्हणून घरातून वाहून जाणाऱ्या औषधाकडे काणाडोळा करून चालणार नाही.

या साखळीत फार्मासिस्टची जागा मोक्याची आहे. औषध डॉक्टर लिहून देतात आणि कंपनी बनवते, पण रुग्णाच्या हातात ते फार्मासिस्ट ठेवतो. 1 मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-1' लागू झाले. निवडक प्रतिजैविके, क्षयरोगाची औषधे आणि सवय लागणारी काही औषधे विकताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे त्यामुळे बंधनकारक झाले. ही वही म्हणजे निरीक्षक आला की दाखवायचा कागद, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. खरे तर चिठ्ठीशिवाय आलेल्या गिऱ्हाईकाला नाही म्हणण्याचा आधार तिच्यातच आहे. तीन दिवसांची चिठ्ठी असेल तर पट्टी कापून तेवढ्याच गोळ्या देणे, हेही पर्यावरणाचेच काम आहे. आपल्याकडचे बरेच दुकानदार ते करतात, आणि त्याचे श्रेय त्यांना मिळायला हवे.

खान्देशासारख्या शेतीच्या मुलखात आणखी एक गिऱ्हाईक मेडिकलवर येते: बैल लंगडतोय, गाईच्या कासेला सूज आहे, सुईचे औषध द्या. इथे गिधाडांची गोष्ट आठवायलाच हवी. 1990 च्या दशकापासून भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे 99 टक्क्यांहून अधिक घटली. डायक्लोफेनॅक टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, की त्या पक्ष्याची मूत्रपिंडे निकामी होतात. 2004 साली संशोधकांनी हे सिद्ध केले आणि 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यापर्यंत पोहोचत राहिल्या. म्हणून 2015 मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शन 3 मिलिलिटरच्या एकाच डोसात विकण्याचे बंधन आले. 2023 मध्ये जनावरांसाठी अॅसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनवरही बंदी आली. गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम बाजारात मिळते. त्यामुळे "माणसासाठी की जनावरासाठी?" हा प्रश्न काउंटरवर विचारला जाणे आणि जनावरासाठी असेल तर शेतकऱ्याला पशुवैद्यकाकडे धाडणे फार महत्त्वाचे ठरते. केवळ बंदीने न साधलेले काम हा प्रश्न साधू शकतो.

वाया जाणाऱ्या औषधाला इथे उन्हाचीही साथ आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांतच टिकते. वीज गेली, किंवा मोटरसायकलच्या डिकीत तासभर राहिले, तर महागडे औषध निकामी होते. इन्सुलिन बर्फाची पिशवी सोबत घेऊन न्या पण बर्फाला टेकू देऊ नका, फ्रिज नसेल तर वापरातली कुपी ओल्या मडक्याच्या गारव्यात ठेवा, हे दोन शब्द फार्मासिस्टनेच सांगायचे. दम्याच्या पंपाचेही तसेच. फवाऱ्याच्या पंपातला वायू तापमानवाढीला हातभार लावतो, कोरड्या भुकटीच्या रोटाहेलरमध्ये तो नसतो. कोणता वापरायचा हे डॉक्टरांनी रुग्णाच्या श्वासाचा जोर पाहून ठरवावे. तो नीट ओढायला शिकवणे मात्र काउंटरवर होऊ शकते.

राहिला घरातल्या डब्याचा प्रश्न. 2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधे 'घरगुती घातक कचरा' ठरवली आणि असा कचरा गोळा करायची केंद्रे उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. फ्रान्समध्ये 1993 पासून आणि ऑस्ट्रेलियात 1998 पासून लोक उरलेली औषधे औषध दुकानात परत देतात. इतके लांब जायचे नसेल तर केरळ आहे: तिथल्या औषध नियंत्रण विभागाने 2025 मध्ये कोळिकोडमधून 'एनप्राउड' नावाने अशीच योजना सुरू केली.

जळगाव आणि धुळे महापालिकांनी हेच करावे. शहरातल्या निवडक मेडिकलमध्ये कुलूपबंद पेटी ठेवावी आणि दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीने ती ठरल्या दिवशी रिकामी करावी. कुलूप हवेच, नाहीतर टाकलेल्या पट्ट्या पुन्हा बाजारात येतील. सुयांसाठी वेगळा डबा हवा. शिरपूरला आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्था आहे. पेटीत काय आणि किती जमते याची नोंद तिथल्या विद्यार्थ्यांनी घेतली, तर कोणते औषध गरजेपेक्षा जास्त लिहिले आणि विकले जाते, हे खान्देशाच्या स्वतःच्या आकड्यांतून कळेल.

खर्च कोणी करायचा, हा दुकानदारांचा सवाल रास्त आहे. छोट्या मेडिकलवाल्याच्या गल्ल्यातून तो जाता कामा नये. प्लास्टिक आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवर टाकलेली आहे. औषध कंपन्यांनाही तोच न्याय लावावा आणि दुकानांतली एक्सपायरी परत घेणाऱ्या त्यांच्या साखळीतच ग्राहकाच्या घरातली पट्टी सामावून घ्यावी. ते होईपर्यंत पेट्यांचा आणि गाडीचा खर्च महापालिकांनी घनकचऱ्याच्या अंदाजपत्रकातून करावा.