पडवी पाडू नका
नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात मुंबई-पुण्याची माणसं जुनी घरं घेतात, नव्यानं सजवतात आणि मित्रमंडळींना हौसेनं बोलावतात, याचा मला आनंदच आहे. कुलूप लागलेल्या घरापेक्षा चूल पेटलेलं घर केव्हाही चांगलं. पण या सजावटीत पहिला घाव पडतो तो पडवीवर, आणि तो साफ चुकीचा आहे. कोकणातला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. पडवीचं उतरतं छप्पर त्याला भिंतीपर्यंत पोचू देत नाही. जांभा सच्छिद्र, भिजला की ओल धरून बसतो. पडवीच्या जागी काचा बसवल्या की पावसाळ्यात भिंती पाझरतात आणि मे महिन्यात एसीशिवाय बसवत नाही. बदलाला विरोध नाही. मंगलोरी कौलं हाही एके काळचा बदलच, बेसल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला त्यानंतरचा. यावर हमखास दाखला येतो निसर्ग वादळाचा: ३ जून २०२० ला कौलं उडाली, मग स्लॅबच बरा ना? उडाली हे खरं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या लोकांनी फार सोसलं. पण त्यातून शिकायचं ते कौलं बांधून घ्यायला, वासे भिंतीशी पक्के जखडायला. फुटलेलं कौल गावातला माणूस शिडी लावून बदलतो. खाऱ्या हवेनं स्लॅबमधली सळई गंजली, पोपडे सुटले, की ती दुरुस्ती शिडीवर भागत नाही. जागा कमी पडत असेल तर नियम पाहून मागच्या परसात खोली वाढवा. पाहुण्यांना बसवायला पडवीसारखी दुसरी जागा घरात नसते. झोपाळा तिथंच टांगा.