शिवणाची वही

सुरतेचा कापडबाजार लोहमार्गानें आमच्या नंदुरबारास इतका जवळ आहे कीं, सणावारापूर्वीं घरांत कापड येतें आणि मागोमाग शिवणयंत्राची घरघर सुरू होते. एकत्र कुटुंबांत दहा माणसांचीं दहा मापें. शिवाय कोणाची पाठ वांकलेली, कोणाचा खांदा उतरता. हें सारें ज्ञान बहुधा एकाच बाईच्या डोक्यांत असतें, आणि धोका तेथेंच आहे. गेल्या वर्षीं आम्हीं तो अनुभवला.

सासूबाईंजवळ त्यांच्या आईच्या रेशमी लुगड्याचा एक तुकडा होता. त्याचें पोलकें नातीच्या लग्नांत घालावें अशी त्यांची हौस होती. थोरल्या जाऊबाईंनीं पूर्वीं बेतलेला कागदी नमुना पेटींत सांपडला. जाऊबाई आतां आमच्यांत नाहींत. नमुन्याच्या बाजूस त्यांच्या अक्षरांत एवढेंच होतें : ‘अर्धा इंच कमी.’ मीं तेवढा कागद कमी करून कातर चालविली. पोलकें अंगावर चढेना. कागद पुन्हा मोजला तेव्हां उलगडा झाला. जाऊबाईंनीं तो अर्धा इंच आधींच काढलेला होता! ती सूचना नव्हती. झालेल्या फेरफाराची नोंद होती. पुढच्या व पाठीच्या मिळून चार कडांस अर्धा इंच, म्हणजे घेरांत दोन इंचांची तूट पडली, आणि शिवणींत तितकें कापड सोडलेलें नव्हतें. चुकलेली शिवण उसवतां येते. कापलेलें रेशीम पूर्ववत् होत नाहीं. सासूबाई इतकेंच म्हणाल्या, “असूं दे ग.” त्या रागावल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें.

अमेरिकेंत एबेनेझर बटरिक या शिंप्यानें १८६३ सालीं निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकण्यास आरंभ केला, आणि घरगुती शिवणास मोठी सोय झाली. परंतु विकतचा नमुना सरासरी देहाचा असतो; आपल्या माणसाचा नसतो. त्यांत आपण जो फेरफार करतों तीच खरी विद्या, आणि ती लिहून न ठेवल्यास दर वेळीं नव्यानें, कापड नासून, शिकावी लागते.

यासाठीं एक वही घालावी. प्रत्येक माणसास स्वतंत्र पान द्यावें व माथ्यावर तारीख घालावी, कारण शरीर बदलतें. कापड कोणतें, पन्हा किती, लागलें किती, धुऊन बेतलें कीं कोरें, हें लिहावें. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें. मग फेरफार लिहावा : कोठें, किती, कां, आणि नमुन्यावर केला आहे कीं करावयाचा आहे. उदाहरणार्थ : ‘उजवा खांदा उतरता. बाहेरच्या टोकास पाव इंच उतरविला. मुंढाही तितकाच खालीं घेतला. न घेतल्यास काखेंत दाटतें. नमुन्यावर केला आहे.’ मूळ नमुना मात्र कधींही कापूं नये. त्यावरून दुसरा कागद उतरवून घ्यावा.

आंकड्यापुढें परिमाण अवश्य लिहावें. १९५६ च्या कायद्यानें देशांत दशमान मापें आलीं. आतां कापड मीटरनें मिळतें, पण घरांतील बेतणी अजून इंचांनीं चालते, आणि आजीच्या नोंदी वारांत सांपडतात. वार ३६ इंचांचा. मीटर त्याहून तीन इंचांवर मोठा. नुसत्या ‘अडीच’ या आंकड्यानें पुढची पिढी फसेल.

शिवण संपली म्हणून नोंद पुरी झाली असें समजूं नये. कपडा दोनदां धुतल्यावर आणि दिवसभर वापरल्यावर ज्याचा त्यास विचारावें. घामानें भिजलेलें पोलकें कोठें काचतें, हें आमच्याकडील वैशाखाच्या उन्हांतच कळतें. तें उत्तर त्याच पानावर, निराळ्या शाईनें लिहावें.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या रेशमाची एक चिंधी टांचली आहे. तिच्याखालीं सासूबाईंचें नवें माप आहे. तें घेतांना फितीचें एक टोंक त्यांनीं स्वतः धरलें होतें.