थकलेल्या पायाचे इंटरलॉक

दमलेला माणूस म्हणजे उतरलेली बॅटरी, असे आपण सर्रास म्हणतो. मला हे अर्धेच खरे वाटते. थकव्यात स्नायूची ताकद कमी होतेच, पण पायाचे कंट्रोलही बदलते. ‘जिद्द ठेव, पळत राहा’ असे बाहेरून ओरडणारे नेमके हेच विसरतात.

इलेक्ट्रिकलवाल्यांना फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टर माहीत आहे. एक कॉन्टॅक्टर ओढला गेला की इंटरलॉकमुळे दुसरा लागतच नाही. पायातही अशीच सोय आहे. नडगीचा स्नायू पाऊल वर उचलतो, पोटरी ते खाली दाबते. नडगीचा स्नायू कामाला लागला की मेरुरज्जूतल्या मधल्या चेतापेशी पोटरीला ‘तू गप बस’ असा निरोप धाडतात. ही व्यवस्था उलगडण्यात चार्ल्स शेरिंग्टन यांचा मोठा वाटा. त्यांना १९३२ चे नोबेल (एड्रियन यांच्यासह) मिळाले.

फरक एवढाच, की पायाचे इंटरलॉक कमी-जास्त होते. निसरड्या चिखलात मेंदू ते सैल करतो. मग दोन्ही स्नायू एकदम आवळतात आणि घोटा ताठ राहतो.

आता थकव्याकडे येऊ. दमलेल्या स्नायूत साचणाऱ्या रसायनांची खबर बारीक चेतातंतू मेरुरज्जूला देतात आणि तिथल्या प्रतिक्षिप्त क्रियांचे गणित बदलते. बऱ्याच प्रयोगांत दमत जाताना विरुद्ध बाजूचा स्नायूही जास्त आवळताना दिसला आहे. म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून ॲक्सिलरेटर देणे! पोटरीत गोळा येतो त्याचेही एक महत्त्वाचे स्पष्टीकरण थकव्याने बिघडलेले हेच कंट्रोल आहे. अशा वेळी पाऊल आपणहून वर ओढा. पोटरी ताणली जाते, शिवाय इंटरलॉकही मदतीला येते.

माझे गाव जळगाव जामोद, सातपुड्याच्या पायथ्याशी. प्रकट दिनाला आमच्या भागातून लोक पायी शेगावला जातात. नडगीचा स्नायू दमला की पाऊल नीट उचलत नाही, चप्पल घासते, माणूस अडखळतो. जुनी माणसे तेवढ्यावरून ओळखतात अन् म्हणतात, “पाय घासाले लागला का बसून घे बाप्पा!” त्यांनी शेरिंग्टन वाचलेला नाही, पण फीडबॅक बरोबर वाचतात. त्याच गावात पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी पोरं मात्र पाय अडखळत असतानाही एक राउंड जास्त मारतात, आणि आपण त्यांना शाबासकी देतो.

होस्टेलवरही तेच. सकाळी १५०० मीटर, दुपारी कबड्डी, संध्याकाळी खो-खो, आणि खेळाडू तेच चार. माझे मत स्पष्ट आहे : गॅदरिंगचे वेळापत्रक करताना एका खेळाडूच्या दोन दमवणाऱ्या स्पर्धा एका दिवशी ठेवू नयेत. सरांनी आणि स्पोर्ट्स सेक्रेटरीने एवढे जमवावेच. आणि जो पोरगा “सर, पाय ऐकत नाही” म्हणतो, त्याला आळशी म्हणू नये. तो अगदी शास्त्रशुद्ध बोलतो आहे.