कॅश क्लिअर करा!

तीन महिन्यांहून जुना चेक काउंटरवर आला, की आम्ही तो परत करतो. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून ती निम्मी केली. शिळा चेक सख्ख्या सासऱ्याचा असला तरी दयामाया नाही. पण आमच्याच वेबसाइटचे शिळे पान? ते खुशाल चालते!

परवा चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका मोबाइल नाचवत आले. पडद्यावर आमचेच पान आणि त्यावर मुदत ठेवीचा जुना, घसघशीत दर. तो दर आठवड्यापूर्वीच उतरला होता.

आमचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, कॅश क्लिअर करा."

काका पांढरेफटक पडले. "अहो साहेब, फंडाची सगळी कॅश तुमच्याकडेच आहे. आता आणखी काय क्लिअर करू?"

ही कॅश निराळी. एकदा पाहिलेले पान ब्राउझर स्वतःच्या फडताळात ठेवतो आणि पुन्हा मागितले की तेच वाढतो. वेळ वाचतो, डेटा वाचतो. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? पान किती सेकंद ताजे समजायचे, हे पाठवणाऱ्याने सांगायचे असते. नाही सांगितले, तर ब्राउझर अंदाज बांधतो : शंभर दिवस बदलले नाही ना, मग आणखी दहाएक दिवस बदलणार नाही!

पानाचे रंगरूप ठरवणारी स्टाइलशीट ही फाइलही अशीच फडताळात पडते. मग नवे पान जुने कपडे घालून येते. आमचे 'अर्ज भरा' हे बटण एकदा असेच अध्यक्षांच्या फोटोखाली गाडले गेले. उपाय सोपा आहे. फाइल बदलली की तिचे नाव बदला, ब्राउझर मुकाट्याने नवी आणतो. दराच्या पानाला 'दाखवण्यापूर्वी विचार' अशी ताकीद द्या. ते बदलले नसेल, तर सर्व्हर '३०४' एवढाच निरोप धाडतो. खर्च जवळजवळ शून्य!

जुनी आठवण वाईट नसते हो. प्राधिकरण २०२१ साली पीएमआरडीएत विलीन झाले, तरी निगडीचा रिक्षावाला 'प्राधिकरण' म्हटले की बरोबर पोचवतो. कारण रस्ते जागचे हलले नाहीत. व्याजाचे दर मात्र हलतात, आणि त्यावर कुणाचे तरी म्हातारपण चालते.

काकांनी कमी दराने ठेव ठेवली. जाताना एवढेच म्हणाले, "आमच्याकडे चुकीचा पार्ट गेला, तर आम्ही तो परत मागवायचो. गिऱ्हाइकाला 'गाडी धुऊन बघा' नाही सांगितलं कधी."