विश्लेषण : पाटोद्याचे मोरपीस परदेशात का पाठवता येत नाही?

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे. 1994 मध्ये जाहीर झालेल्या, सुमारे 30 चौरस किलोमीटरच्या या भागात पावसाळा सरताना मोर पिसारा गाळतात. मोरपीस देवघरात असते, मुलांच्या वहीत असते. तेच पीस परदेशातल्या लेकीच्या फराळाच्या पार्सलमध्ये ठेवले, तर मात्र कायदा आडवा येतो.

घरात चालते, मग पार्सलमध्ये का नाही?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार मोर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला 3 ते 7 वर्षे कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड आहे. मात्र मोराच्या शेपटीच्या पिसांना देशांतर्गत व्यापारात सूट आहे. ही सूट देशाच्या सीमेपर्यंतच. निर्यात धोरणात मोरपिसे आणि त्यांच्या वस्तू ‘निषिद्ध’ आहेत, मग त्या कुरिअरने पाठवा की बॅगेतून न्या. आणि अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीच उचलून नेता येत नाही.

परवाना काढता येतो का?

मोरपिसासाठी नाही. ‘प्रतिबंधित’ वस्तूला परवाना मिळू शकतो, ‘निषिद्ध’ वस्तूला खिडकीच नसते. त्यामुळे ‘परवाना काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून सावध राहिलेले बरे.

इतर वस्तूंचे काय?

तिथे ‘सायटीस’ हा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. तो 1973 मध्ये ठरला, 1975 पासून अमलात आला आणि भारत 1976 मध्ये त्यात सामील झाला. त्याच्या पहिल्या परिशिष्टातील रानातल्या जीवांचा व्यापारी हेतूने व्यवहार जवळपास बंद आहे. दुसऱ्यातील जीवांचा परवान्यासह होतो. 2022 च्या दुरुस्तीने हे नियम 1 एप्रिल 2023 पासून भारतीय कायद्याचाच भाग झाले.

अर्जदाराला आधी वस्तूचे शास्त्रीय नाव सांगावे लागते, मग ती कायदेशीर मार्गाने मिळाल्याचा पुरावा द्यावा लागतो. सर्पगंधेसारखी वनस्पती असेल, तर ती रानातली नसून लागवडीची आहे, याचा दाखला लागतो. निर्यातीने त्या प्रजातीला धोका नाही, असे तज्ज्ञ यंत्रणेने सांगितल्यावरच परवाना मिळतो. तो सहा महिन्यांतच वापरावा लागतो. नियम सैलही होतात : शिसवीची प्रत्येक वस्तू 10 किलोपेक्षा हलकी असेल, तर 2022 च्या निर्णयानुसार सायटीस परवाना लागत नाही.

एका पिसासाठी एवढी कडक बंदी कशाला?

जानेवारी 2024 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा शेवा बंदरात सुमारे 28 लाख मोरपिसे पकडल्याचे जाहीर केले. काथ्याची पायपुसणी असल्याचे दाखवून ती चीनला निघाली होती. एका पिसाऱ्यात 200 पिसे धरली, तरी हा माल 14 हजार मोरांचा होतो.

एवढी पिसे आपोआप गळलेली होती की उपटलेली? उपटलेल्या पिसाच्या मुळाशी रक्ताचा अंश सापडू शकतो. पण देठ कापले की तो पुरावाही जातो. गळलेल्या पिसाला दिलेली सूट अशी शिकाऱ्याच्याही कामी येते. म्हणून परदेशी मागणीचा दरवाजाच बंद ठेवला आहे. फराळाचे पार्सल बांधताना मोरपीस घरीच राहू द्यावे, हेच बरे.