विद्येचा विस्तार आणि हिशेबाची वही

डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तिन्ही देशांची एकत्रित लोकसंख्या आजही सव्वादोन कोटींच्या आसपास आहे. एवढ्या लहान समाजांनी अणूच्या रचनेपासून हवामानाच्या अंदाजापर्यंत आणि पाली कोशापासून अवेस्ताच्या भाषेपर्यंत ज्ञानाचे बहुतेक सारे प्रांत हाताळले, हे पाहून आश्चर्य वाटते. त्याचा उलगडा बहुधा एका वाक्यात केला जातो: हे देश श्रीमंत आहेत, त्यांना असे शौक परवडतात. हे उत्तर सोयीचे आहे. पण ते इतिहासाला धरून नाही.

१८१३ साली डेन्मार्कच्या सरकारचे दिवाळे वाजले आणि पुढच्याच वर्षी नॉर्वे त्याच्या हातून गेला. अशा पडत्या काळात, १८१६ मध्ये, रास्मुस रास्क हा खेड्यातील गरीब घरातून आलेला तरुण भाषाभ्यासासाठी सरकारी खर्चाने प्रवासाला निघाला. स्वीडन, रशिया आणि इराण असा मार्ग कापीत तो १८२० मध्ये मुंबईस पोहोचला. येथे त्याने पारशी धर्मग्रंथांची हस्तलिखिते मिळवली आणि पुढे सिलोनमध्ये पालीचा अभ्यास केला. त्याने नेलेली हस्तलिखिते कोपनहेगनच्या ग्रंथालयात जतन झाली. अवेस्ताची भाषा ही कृत्रिम बनावट नसून खरोखरच प्राचीन आहे, हे त्याने १८२६ मध्ये साधार मांडले. या खटाटोपातून डेन्मार्कच्या तिजोरीत एक नाणेही पडणार नव्हते. तरीही त्या दिवाळखोर राज्याने तो खर्च केला, ही गोष्ट विसरता येत नाही.

रास्कच्या आयुष्यात आणखी एक बोध दडलेला आहे. जर्मन कुळातील भाषा आणि ग्रीक-लॅटिन यांच्यातील ध्वनींचे नियमित नाते त्याने १८१८ च्या आपल्या निबंधात दाखवले होते. पण तो निबंध डॅनिश भाषेत होता. १८२२ मध्ये याकोब ग्रिम याने तेच सूत्र अधिक पद्धतशीरपणे जर्मन भाषेत मांडले आणि जगाने त्या नियमाला ग्रिमचे नाव दिले. लहान भाषेत लिहिणाऱ्याला असे मोल मोजावे लागते.

रास्क मुंबईस आला त्याच वर्षी त्याचा देशबंधू हान्स ख्रिश्चन एर्स्टेड याने विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते, हा शोध जाहीर केला. त्यासाठी त्याने लॅटिनमध्ये एक छोटी पुस्तिका लिहून ती युरोपभरच्या विद्वानांकडे धाडली. म्हणून त्याने मायभाषेकडे पाठ फिरवली, असे मात्र झाले नाही. प्राणवायूला ‘इल्ट’ आणि हायड्रोजनला ‘ब्रिंट’ हे डॅनिश शब्द त्यानेच घडवले आणि ते त्या भाषेत रुळले. जगाशी जगाच्या भाषेत बोलावे आणि घरच्या माणसांसाठी घरच्या भाषेत शास्त्र उभे करावे, ही दुहेरी जबाबदारी त्याने स्वीकारली. उत्तर युरोपातील देशांनी २००६ च्या भाषाविषयक जाहीरनाम्यात इंग्रजी आणि स्वभाषा यांच्या समांतर वापराचा पुरस्कार केला. स्वीडनने २००९ मध्ये कायदा करून स्वीडिश ही देशाची मुख्य भाषा ठरवली. या धोरणांच्या मुळाशी एर्स्टेडचाच विवेक आहे.

विद्यांमध्ये भिंती न घालण्याची वृत्ती तेथील संस्थांच्या घटनेतही उतरलेली दिसते. १८७६ मध्ये जे. सी. याकोबसेन या बिअर-उत्पादकाने कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्याचा कारभार डॅनिश विज्ञान अकादमीने निवडलेल्या विद्वानांकडे सोपवला. निसर्गविज्ञाने, गणित, तत्त्वज्ञान, इतिहास आणि भाषाशास्त्र या सर्वांना साहाय्य करावे, असा त्याचा हेतू ठरला. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत १९०९ मध्ये सेरेनसेन याने आम्लता मोजण्याची ‘पीएच’ मोजपट्टी शोधली. शाळेतील प्रत्येक विज्ञानशिक्षक ती आजही शिकवतो. मद्याच्या धंद्याला रसायनशास्त्राची गरज होती, हे समजण्याजोगे आहे. भाषाशास्त्राची तशी काहीच गरज नव्हती. तरीही देणगीदाराने दोन्ही एकाच पंक्तीला बसवली, यात त्याची खरी दूरदृष्टी आहे.

पैशाइतकाच चिकाटीचाही प्रश्न असतो. स्वीडिश अकादमीच्या महाकोशाचा पहिला भाग १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अखेरचे काम २०२३ मध्ये हातावेगळे झाले. ज्या काळात लाखो स्वीडिश माणसे पोटासाठी अमेरिकेची वाट धरीत होती, त्या काळात हे काम सुरू झाले. नॉर्वेची कथाही अशीच आहे. तेथे समुद्रात मोठा तेलसाठा सापडला तो १९६९ मध्ये. पण स्टेन कोनो हा नॉर्वेजियन पंडित त्याच्या कितीतरी आधी ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात राबत होता. या सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि तो सिद्ध करण्याचे काम कोनो यांनी केले. मराठीच्या बोलींचा तो शास्त्रीय दस्तऐवज आजही अभ्यासकांना टाळता येत नाही.

अर्थात, या परंपरेची आरती ओवाळण्याचे कारण नाही. विस्तार म्हणजे शहाणपण नव्हे. १९२२ मध्ये स्वीडनने उपसाला येथे वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था काढली आणि पुढे वंशशुद्धीच्या कल्पनांनी भारलेल्या नसबंदीच्या कायद्यांखाली हजारो माणसांवर अन्याय झाला. शास्त्राच्या नावाने झालेले हे पाप पुढे इतिहास-संशोधकांनी व पत्रकारांनी उजेडात आणले आणि १९९९ मध्ये पीडितांना भरपाई देण्याचा कायदा झाला. इतिहासासारख्या विद्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे एक उत्तर पुरेसे व्हावे. विज्ञान वाट चुकते तेव्हा त्याची झाडाझडती घेण्यासाठी समाजाला दुसऱ्या विद्याही जिवंत ठेवाव्या लागतात.

आज मात्र त्याच भूमीत हिशेबाची वही पुढे सरसावली आहे. कोपनहेगन विद्यापीठाने २०१६ मध्ये खर्चकपातीपोटी अनेक लहान भाषाविषयांचे नवे प्रवेश थांबवले. कोपनहेगनमधून १९२४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेला चिकित्सक पाली कोश २०११ नंतर अपूर्ण अवस्थेतच थांबला. किती विद्यार्थी आले, किती जणांना नोकरी लागली, या प्रश्नांना विद्यापीठांनी उत्तरे दिलीच पाहिजेत; सार्वजनिक पैशाचा तो धर्मच आहे. परंतु तेवढ्याच प्रश्नांवर विषयांचे आयुष्य ठरू लागले, तर रास्कला कोणत्याही समितीने प्रवासखर्च मंजूर केला नसता. दिवाळखोर डेन्मार्कला जे सुचले, ते संपन्न डेन्मार्कला सुचू नये, हा काळाचा उपरोध म्हटला पाहिजे.

एखादा विषय बंद करायला एक ठराव पुरतो. तो पुन्हा उभा करायला दोन पिढ्या लागतात. हस्तलिखित वाचणारा शेवटचा अध्यापक निवृत्त झाला की कपाटातील हस्तलिखित तेथेच राहते, पण मुके होते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही आठ कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे, म्हणजे या तिन्ही देशांच्या लोकसंख्येच्या तिपटीहून अधिक. तेव्हा आपली भाषा लहान आणि आपली साधने तुटपुंजी, ही सबब आपल्याला शोभणारी नाही. त्या देशांकडून घेण्याजोगे काही असेल, तर ते त्यांचे वैभव नव्हे. वैभव नसतानाही त्यांनी विद्येची पंगत मोडली नाही, तो निर्धार घेण्याजोगा आहे. आणि तो निर्धार टिकवण्याची कसोटी आता त्यांच्याही पुढे उभी आहे.