कुलपाची विचारपूस

खिशातला फोन आता केवळ बोलण्याचे साधन राहिलेला नाही. बँकेचे पासबुक, डॉक्टरांचे अहवाल, घरच्यांशी झालेला खासगी पत्रव्यवहार या साऱ्यांचे ते कपाट झाले आहे. कपाट आले की कुलूप आले. आणि ते लागलेले आहे की नाही, हे विचारण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्नही ओघाने आलाच. पैशांचा व्यवहार करणारी अनेक ॲप्स फोनकडे ही विचारपूस करीत असतात. ती करण्याची रीत मात्र सदोष असू शकते, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वस्तुतः येथे प्रश्न एक नसून दोन आहेत. फोनला कुलूप बसविलेले आहे काय, हा पहिला. आणि या क्षणी ते लागलेले आहे काय, हा दुसरा. अँड्रॉइड दोहोंची सरळ उत्तरे देतो. आयफोन पहिल्याचे उत्तर देतो, दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हातचे राखतो. पासकोड घातलेला फोन बंद केल्यावर ‘संरक्षित माहिती आता मिळणार नाही’ एवढीच सूचना तो ॲपला देतो.

फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह यांसारख्या साधनांमुळे एकच ॲप दोन्ही जातींच्या फोनांसाठी लिहिता येते. श्रम वाचतात, हे खरे. पण लेखणी एक झाली म्हणून दोन घरांचे दरवाजे एकसारखे होत नाहीत. या साधनांकडून ॲपला सहजगत्या कळते ते इतकेच की, आपण पडद्यावरून मागे गेलो. मालकाने फोन बंद केला की तो दुसऱ्या ॲपमध्ये गेला, हा भेद त्यात नसतो. मागे गेलो म्हणजे कुलूप लागले आणि पुढे आलो म्हणजे मालकानेच ते उघडले, असे गृहीत धरणाऱ्या ॲपचे काय होईल? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखाद्या बाईने ‘एक फोन करून घे’ म्हणून आपला उघडा फोन परक्याच्या हाती दिला, तर तिच्या खात्यातील शिल्लकही त्याच्यापुढे उघडी पडेल.

आमच्या मते, शंका असेल तेथे दार लावून घ्यावे. ॲप मागे जाताच रक्कम झाकावी आणि व्यवहारापूर्वी ओळख पुन्हा मागावी. गोपनीय माहिती फोनच्या कुलपाशीच बांधून टाकावी. आयफोनवर पूर्ण संरक्षण निवडले तर कुलूप लागल्यावर फाइल उघडत नाही; नेहमीच्या वर्गातली फाइल मात्र, फोन सुरू करून एकदा उघडला की, पुढे कुलूप लागले तरी वाचता येते. अँड्रॉइडवरही २०१८ सालच्या नवव्या आवृत्तीपासून, फोन उघडा असतानाच चालणारी गुप्त किल्ली मागता येते. इतके केले की दुसरा प्रश्न विचारण्याचे कारणच फारसे उरत नाही. आणि ज्यांच्या फोनला कुलूपच नाही, अशा वृद्धांना हाकलून न देता, ते कसे बसवावे हे त्यांच्या भाषेत सांगावे.

अकारण विचारपूस करणे हे तर सरळ अतिक्रमण होय. कुलूप केव्हा लागते व केव्हा उघडते याची टिपणे ठेवली, तर माणूस केव्हा निजतो आणि केव्हा उठतो हेच त्यांतून वाचता येते. १९६१ पूर्वी गोव्यात लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या नजरेखालून जात. परक्या नजरेचा तो जाच या भूमीला नव्याने समजावून सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला आहे.

एवंच, राखणदाराने कडी नीट लागली आहे ना, हे अवश्य पाहावे; आत कोण केव्हा निजले याची वही मात्र त्याने ठेवू नये.